ताईच्या बोअरचं पाणी

११ जानेवारी

ताई,

पत्र हातात पडल्यावर तू आधी तारीख बघणार आणि मग ‘बरी आठवण झाली’ म्हणणार, हे मला इथे बसून ऐकू येतंय. चूक कबूल. पण तुमच्या त्या खोलगट कॉलनीत फोन लागत नाही, आणि भावोजी वरच्या रस्त्यावर जाऊन फोन करतात तेव्हा वारा अर्धं बोलणं उडवून नेतो. त्यापेक्षा आमचा ड्रायव्हर बरा. तो दर आठवड्याला सामान घेऊन तिकडे येतो. माझं पत्र तुला देईल, तुझं मला आणून देईल. त्याला चहा पाजत जा, म्हणजे तू लिहीपर्यंत तो कुरकुर न करता थांबेल.

आता कामाचं. प्रयोगशाळेतली गार हवा सोडून मी ज्यासाठी इथे तळावर येऊन पत्र्याच्या खोलीत राहतोय, ते एकदाचं सुरू झालं. तुमच्या मागच्या माळाखालचं निम्म्याहून जास्त तेल अजून खालीच आहे. ते तळ्यासारखं साठलेलं नसतं गं. खडकाला बारीक बारीक भोकं असतात, त्यात ते चिकटून बसतं. आजवर नुसतं पाणी सोडून त्याला ढकलायचे. तेलकट कढई नुसत्या पाण्याने धुतली तर काय होतं ते तुला मी सांगायला नको. आता आम्ही त्या पाण्यात कण मिसळतोय. इतके बारीक की केसाच्या टोकावर हजारोंनी मावतील. नॅनो कण म्हणतात त्यांना. ते खडकाच्या अंगाला जाऊन बसतात आणि तेलाला तिथून उठवतात. तेल सुटलं की पाणी त्याला तेलाच्या विहिरीकडे ढकलत नेतं. त्या कणांवरचा लेप मी तयार केलाय. माझे केस त्यातच गेले.

एक काम तुझ्याकडे आहे. हे पाणी आम्ही दाबाने आत सोडतो. खाली जुन्या काळी तेलासाठी खणून बुजवलेल्या बऱ्याच विहिरी आहेत. त्यातली एखादी नीट बुजवलेली नसली तर आमचं पाणी तिच्यातून वर चढेल, आणि सगळ्यात आधी तुझ्या अंगणातल्या बोअरमध्ये येईल. नुसतं पाणी आलं तर एक वेळ चालेल, पण ज्या वाटेने ते येईल त्याच वाटेने मागून वायू येईल, आणि तो विषारी असतो. कॉलनीच्या बाजूला तपासणीचे मीटर बसवायचे होते. मोठ्या साहेबांनी ते पुढच्या वर्षावर ढकलले. तेव्हा माझा मीटर तूच. पाण्याची चव, वास, रंग, काहीही बदललं की कळव. तुझं पत्र आलं की पंप थांबवतो.

थांबवला तर हा तळ बंद पडेल, हे खरं. तळ गेला की तुमचे क्वार्टर्स रिकामे करायला लावतील, आणि मला कुणी दारात उभं करणार नाही. पण ते माझं मी बघेन. तू फक्त खरं कळवत जा.

तुझा,
ठेंगू


१९ जानेवारी

ठेंगू,

दाराच्या चौकटीला डोकं आपटतं तरी सही ठेंगू म्हणूनच करतोस, बरं वाटलं. तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. मला मीटर म्हणालास त्यावर हे म्हणाले, मीटर असती तर कधीतरी शून्यावर आली असती, ही बोलायची थांबतच नाही. निवृत्त झाल्यापासून यांना विनोद सुचायला लागलेत. पूर्वी पंपांचे नटबोल्ट आवळता आवळता तोंडही आवळलेलं असायचं.

पाणी उत्तम आहे. चव तीच, रंग तोच. नळाचं पाणी येतं ते फक्त वरच्या शाळेच्या टाकीत, त्यामुळे अख्खी कॉलनी आपल्याच बोअरवर असते. सकाळी अंगणात बादल्यांची रांग लागते. हे पायऱ्या उतरून खालच्या खोलीत मोटार लावतात आणि मग पायरीवर बसून सगळ्यांची हजेरी घेतात. पाणी बिघडलं असतं तर एवढ्या तोंडांपैकी एक तरी वाकडं झालं असतं.

एक तोंड वाकडं आहे, पण ते जन्मापासूनच. खालच्या ओळीतली शिंपीणबाई. माळावर काय सोडतायत ते आधी सांगा, तोवर थांबवा, असा अर्ज लिहून सह्या मागत फिरत होती. माझ्याकडे आली. मी म्हटलं, बाई, ते काम माझा भाऊ करतो. आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्याला न्हाऊमाखू मी घातलंय, त्याच्या हातून कुणाचं वाईट व्हायचं नाही. मी सही केली नाही म्हटल्यावर बाकीच्यांनीही हात आखडता घेतला. तिने अर्ज घडी घालून पिशवीत ठेवला आणि गेली. आता माझे ब्लाउज लांबणीवर पडणार.

तू जेवणाकडे लक्ष दे. तुझे कण राहतील जागच्या जागी.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

काम लागू पडलं. ज्या विहिरी पाण्याशिवाय काही ओकत नव्हत्या त्यांच्यातून तेल येतंय. परवा मोठे साहेब स्वतः आले, बरणीतलं तेल उजेडात धरून बघत राहिले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. कोणाला तरी सांगावंसं वाटलं, तर तूच आठवलीस. चौथीत गणितात पहिला आलो तेव्हाही तुलाच सांगायला धावत आलो होतो, आणि तू पीठ मळत होतीस.

आता त्यांना दाब वाढवायचाय. जास्त दाब म्हणजे जास्त तेल, एवढा त्यांचा हिशोब साधा आहे. मी म्हटलं, कॉलनीकडून पत्र येऊ द्या, मग ठरवू. ते हसले. पण थांबलेत.

म्हणून पुन्हा विचारतो, आणि नीट विचारतो. पाण्याला वास येतो का? सडक्या अंड्यासारखा? मोटारीच्या खोलीत जास्त जाणवेल, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचतो. एकदा जरी आला असला तरी सांग. भावोजींनाही विचार.

तू शिंपीणबाईला परत पाठवलंस ते मी साहेबांना सांगितलं. खूश झाले. म्हणाले, तुमच्या ताईंमुळे तळ वाचला. खरंय ते. आता मध्येच थांबायची वेळ आली तर मी पुरता तोंडघशी पडेन, आणि माझ्याबरोबर तुमचे ते क्वार्टर्सही जातील. असो. उत्तर लवकर पाठव.

ठेंगू


२४ फेब्रुवारी

ठेंगू,

वास कसला रे? शेजारणीने कांदे करपवले त्याचा येतो कधीकधी. यांना विचारून उपयोग नाही, जन्म पंपांना ग्रीस लावण्यात गेला, यांना फोडणीचाही वास येत नाही.

सगळं ठीक आहे. तू पाठीवरची थाप जपून ठेव, मोठ्या माणसांचे हात हलके असतात आणि लगेच निघून जातात.

यांचं डोकं दुखतं सकाळी. चष्म्याचा नंबर वाढला असणार, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की कामं आठवतात. मी मात्र मजेत आहे, आणि आळशी झालेय. भांडी घासून पालथी घातली की आपोआप कोरडी होतात. पूर्वी स्टीलच्या ताटावर थेंब राहायचे, त्यांचे पांढरे डाग पडायचे, फडका घेऊन बसावं लागायचं. आता थेंब धरतच नाही. पाणी सपाट पसरतं आणि निघून जातं. न्हाणीतला आरसासुद्धा वाफेने धुरकटत नाही. हे म्हणतात, तुझ्या हाताला यश आलंय. म्हातारपणी का होईना.

शिंपीणबाई परवा बोअरवर आली नाही. वरच्या टाकीवरून कळशी घेऊन गेली म्हणे, एवढा चढ चढून. गुडघे दुखतात तिचे, पण हट्ट दुखत नाही.

ताई


२ मार्च

ताई,

भांड्यांचं वाचून आधी हसलो. मग पुन्हा वाचलं. थेंब न धरणं, पाणी सपाट पसरणं, हे आमच्या कणांचं लक्षण आहे. खडकाला आम्ही हेच शिकवतो. पण उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्याची पातळी खाली जाते, क्षार बदलतात, त्यानेही तसं होऊ शकतं. बहुतेक तेच असेल. तू वास नाही म्हणालीस, आणि कण आले असते तर एव्हाना मागून वायूही आला असता, असं मी धरून चाललोय.

तरी मनाला रुखरुख नको. ड्रायव्हरबरोबर एक बाटली पाठवतोय. बोअर थोडा वेळ चालू ठेव, मग काठोकाठ भर, बूच घट्ट लाव आणि त्याच्याच हाती दे. प्रयोगशाळेत तपासून घेतो. साहेब म्हणाले, बाटली स्वच्छ निघाली की दाब वाढवू, आणि नाही निघाली तर? त्यावर नुसते खांदे उडवले.

भावोजींना डॉक्टरकडे ने. माझं नाव सांग.

ठेंगू


३ मार्च

ठेंगू,

बाटली भरून दिलीय. काठोकाठ, सांगितल्याप्रमाणे. ड्रायव्हर घाई करतोय म्हणून चार ओळीच लिहिते. बिचारा म्हणत होता, साहेबांची झोप उडालीय, सगळं या बाटलीवर आहे ताई. तू झोपत जा रे. लहानपणीही परीक्षेच्या आदल्या दिवशी तुला ताप भरायचा, आणि पेपर सोपा निघायचा.

ताई


२८ मार्च

ताई,

पेपर सोपा निघाला. बाटलीतलं पाणी स्वच्छ आहे. एक कण नाही, कसलाही अंश नाही. इतकं स्वच्छ की प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला, हे बोअरचं वाटत नाही. मी म्हटलं, माझ्या ताईच्या घरचं आहे, तिच्याकडे सगळंच घासूनपुसून असतं.

आठवड्यापूर्वी दाब वाढवला. मला स्वतःला वाटलं होतं त्यापेक्षा थोडा जास्तच, पण साहेबांच्या पुढे आता माझा शब्द चालतो तसाच त्यांचाही चालणारच. तेल भरपूर येतंय. मे महिन्यात चार दिवस सुट्टी मिळेल असं दिसतंय. तुझ्याकडे येतो. काही करू नकोस, मी नुसता झोपणार आहे.

थकलो होतो गं. बाटलीचा निकाल येईपर्यंत जीव टांगणीला लागला होता. कामाचा नव्हे, तुमचा. तू खरं सांगतेस एवढ्या एका आधारावर मी हे सगळं रेटलं.

ठेंगू


९ एप्रिल

ठेंगू,

येतोस हे वाचून घर आवरायला काढलंय. गादीचा कापूस पिंजून जरा लांब शिवून घेते, तुझे पाय मागच्या वेळी बाहेर येत होते.

आता सगळं पार पडलंच आहे, तर एक सांगून टाकते. रागावू नकोस. वास येत होता. तू म्हणालास तसाच, अंड्याचा. फेब्रुवारीत सुरू झाला, आधी फक्त मोटारीच्या खोलीत, मग न्हाणीत, मग सकाळी अंगणात. पाणी जरा कडवट लागायचं. मी लिहिलं नाही, कारण तू नुकताच वर डोकं काढत होतास, आणि मी एक ओळ लिहिली असती की पंप बंद, तुझी नोकरी गेली, आणि शेजारच्यांची घरं. म्हटलं, थोडी कळ काढू. आणि बघ, माझंच खरं झालं. वास आपोआप गेला. तुझ्या दाब वाढवण्याच्या सुमारालाच गेला, त्यामुळे त्या पाण्यानेच खालची घाण धुऊन निघाली असेल. आता नाकाला काही म्हणजे काही लागत नाही. सगळ्यांचं तेच म्हणणं आहे.

मोटारीच्या खोलीत कबुतरं घुमायची, तीही गेली. दोन मेलेली पायरीवर सापडली, मांजराने धरली असतील. खोली आता एकदम शांत असते. हे खाली उतरले की त्यांना गरगरतं, भिंत धरून वर येतात. परवा डॉक्टरकडे नेणारच आहे, दोरीने बांधून का होईना.

काय काय खाणार ते कळव.

ताई


१० एप्रिल, सकाळी

ताई,

हे वाचल्याबरोबर घराबाहेर पड. भावोजींना मोटारीच्या खोलीत पाय ठेवू देऊ नकोस. काही उचलत बसू नका.

वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. हा वायू जास्त झाला की आधी नाक मारतो. माणसाला वास येईनासा होतो, आणि त्याला वाटतं सगळं ठीक झालं. त्यानंतर तो उभ्या उभ्या पडतो. कबुतरं मांजराने मारलेली नाहीत. भावोजींचं डोकं चष्म्याने दुखत नाही.

कॉलनी खोलगट आहे, वायू तिथे साचणार. सगळ्यांना वरच्या रस्त्यावर न्या, शाळेच्याही पलीकडे. खालच्या ओळीत तू स्वतः जाऊ नकोस, सगळ्यात जास्त तिथेच असेल. वरून हाका मारा, ताटं वाजवा. कुणी काडी ओढायची नाही, दिवा लावायचा नाही. ड्रायव्हरला सांगितलंय, ट्रक तिथेच ठेवून माणसं भरायची आणि वर सोडायची. बंबवाल्यांना कळवलंय, पण त्यांना यायला वेळ लागेल. भावोजींना सारखा फोन लावतोय, लागत नाही.

मी निघालो असतो, पण पंप अजून चालू आहे. ‘तुझं पत्र आलं की थांबवतो’ असं मी लिहिलं होतं ना, ती माझी फुशारकी होती. किल्ली साहेबांकडे आहे. ते म्हणतात, बाटली स्वच्छ आलीय, आणि आता वासही नाही असं तुमच्याच ताई लिहितात, मग थांबवू कशाच्या जोरावर? ताई, ती बाटली तू कुठे भरलीस? मला आत्ता कळलंय असं वाटतंय, पण तुझ्या हाताने लिहून दे. तेवढ्या कागदावर मी पंप थांबवून घेतो.

मी रागावलेलो नाही. फक्त निघ.

ठेंगू


१० एप्रिल, दुपारी

साहेब,

तुम्हाला चिडवायला साहेब म्हणायची सवय, आज हात आपोआप तेच लिहून गेला. तुमच्या ताईने उत्तर लिहायला घेतलं होतं, तिला जमलं नाही, म्हणून मी लिहितो.

बाटली बोअरची नव्हती. ड्रायव्हर चहा पीत होता तेवढ्यात ही मागच्या दाराने वर गेली आणि शाळेच्या टाकीवरून भरून आणली. मी बघितलं. हे बरोबर नाही असं एकदा म्हणालो, मग गप्प बसलो. तुम्ही यशस्वी व्हावं असं मलाही वाटत होतं. फेब्रुवारीपासून पाणी खराब आहे. खाली मी सही करतो. हा कागद तुमच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर आपटा.

पत्र वाचून तिने चपला घातल्या आणि दारोदार फिरायला लागली. वरची ओळ निघाली, कारण ट्रक समोर उभा होता. मधल्या ओळीत लोक हसतात, म्हणतात, ताई, तुम्हीच म्हणाला होता ना, भाऊ बघतोय सगळं. वास होता तेव्हा तुम्ही म्हणालात काही नाही, आता वास नाही तर पळा म्हणता. एकजण तर म्हणाला, क्वार्टर्स रिकामे करायची ही नवी युक्ती, भावाने शिकवलेली. ती त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली. म्हणाली, मी खोटं बोलले होते, तेव्हा ऐकलंत, आता ऐका. त्यातले निम्मे उठले.

खालच्या ओळीतून कुणी बाहेर आलेलं नाही. ताटं वाजवून झाली. दुपारची वेळ आहे, माणसं आडवी झाली असतील. तुम्ही लिहिलेलं मी तिला दोनदा वाचून दाखवलं, तिकडे जायचं नाही म्हणून. म्हणाली, अर्ज घेऊन आली होती ती तिथलीच बाई, आणि मी तिला परत पाठवलं. आणि गेली.

वारा साफ पडलाय. पत्र ड्रायव्हरकडे दिलंय, तो भरलेला ट्रक वर सोडून तसाच तुमच्याकडे येईल. मी हिला आणायला जातो.

भावोजी


१३ एप्रिल

ताई,

हे पत्र तुझ्यापर्यंत कसं पोचेल माहीत नाही. ड्रायव्हर म्हणतो, तुम्हाला पुढच्या गावच्या शाळेत ठेवलंय, तो देईल.

भावोजींचा कागद आला त्याच मिनिटाला पंप थांबवला. साहेबांनी वाचला आणि किल्ली टेबलावर ठेवली. पण पंप थांबला म्हणून खालचा दाब थांबत नाही. तो उतरायला महिने लागतात. वरचं बटण बंद करता येतं, खालचं नाही. मी हे आधीही जाणत होतो, पण कधी मोठ्याने बोललो नव्हतो.

मला तळ सोडू देत नाहीत. चौकशीची माणसं आलीत. फोनही काढून घेतलेत. साहेबांनी काल मला बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्या ताईंची पत्रं नीट जपून ठेवा. बोअरची मालकीणच लेखी सांगत होती पाणी उत्तम म्हणून, तेव्हा आपला दोष कसा? मला त्यांची चीड आली. आणि खरं सांगतो, क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

ड्रायव्हर भावोजींचं नाव घेतो आणि ट्रककडे वळतो. मी त्याला पुढचं विचारलं नाही. तू सांग. कशी आहेस? दोन ओळी लिही. बरी आहेस ना?

ठेंगू


२० एप्रिल

ठेंगू,

तू विचारतोस, बरी आहेस ना. नाही. बरी नाही.

हे गेले. त्या दिवशीच गेले. मी खालच्या ओळीत पोचले तेव्हा शिंपीणबाई दारातच बसली होती, उठायची ताकद नव्हती. मला बघून म्हणाली, आलात एकदाच्या. काखेत हात घालून तिला मी मागच्या चढाने शाळेकडे वर आणलं, म्हणून मी वाचले. हे पुढच्या वाटेने उतरले. मी खाली दिसेना तेव्हा त्यांना वाटलं असेल की मी मोटार बंद करायला गेले. त्या खोलीच्या पायऱ्यांवर सापडले. मी वरच्या रस्त्यावर उभी राहून यांना शोधत होते, आणि हे मला शोधत खाली गेले.

खालच्या ओळीतली टोकाची घरं उघडली ती बंबवाल्यांनी, तोंडाला मुखवटे बांधून. आतलं मी बघितलं नाही. नावं मात्र सगळी माहीत आहेत मला. रोज बादली घेऊन यायचे.

इथे वर्गात आम्ही बाकं बाजूला सारून झोपतो. माझ्या शेजारी कुणी अंथरूण घालत नाही. शिंपीणबाई घालते. बोलत नाही, पण घालते.

तुझे मोठे साहेब काल फळांची टोपली घेऊन आले. म्हणाले, पाणी चांगलं होतं असं तुम्ही लिहिलंय, तेवढंच चौकशीत सांगा, यांची भरपाई लवकर मिळेल. मी म्हटलं, लिहिलंय खरं, आणि ते खोटं होतं, हेही सांगणार आहे. ते का लिहिलं तेही सांगणार आहे. तू विचारलंस पाणी कसं आहे, आणि त्याच कागदावर लिहिलंस की खराब निघालं तर तू बुडशील. मी त्यातलं हे दुसरंच तेवढं वाचलं. लहानपणापासून तुझ्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायची मला सवय, आणि तुला ती ठाऊक होती. भांड्यांचं वाचून तुला कळलं होतं रे. कळूनही तू मलाच विचारलंस, कारण मी काय लिहीन ते तुला माहीत होतं. माझा गुन्हा मी माझ्या डोक्यावर घेते. तुझा तू घे. सगळ्याचं खापर माझ्या पत्रांवर फोडू देऊ नकोस.

यांचं सामान एका पिशवीत दिलं मला. चष्मा धड आहे.

तुला सोडतील तेव्हा ये. येऊ नकोस असं मी म्हणूच शकत नाही, तू आहेस म्हणून कोणीतरी आहे. पण आलास की मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस.

ताई